मान्सूनच्या आधी मेघालय: एप्रिल की मेअखेर?

रानजाई (प्रश्न)

मान्सून यायच्या आत मेघालय करायचा विचार आहे. मुंबईहून विमानाने गुवाहाटी आणि पुढे सहा रात्री. आम्ही चौघं: दोघं चाळिशीतले, आई-बाबा साठी ओलांडलेले. बाबांना सपाटीवर कितीही चालवा, पण पायऱ्या उतरताना गुडघे दुखतात.

तारखांचे दोन पर्याय आहेत: एप्रिलचा दुसरा आठवडा किंवा मेचा शेवटचा. ईशान्य भारतात मान्सून साधारण ५ जूनला पोचतो असं वाचलं, म्हणजे मेअखेरही कोरडंच असणार असा आमचा अंदाज आहे. सोह्राच्या धबधब्यांना पाणी हवं, डावकीला तळ दिसणारी नदी हवी आणि नोंगरियाटचा झाडाच्या जिवंत मुळांचा दुमजली पूलही बघायचाय. हे तिन्ही एका फेरीत जमेल का? गाडी, मुक्काम आणि क्रम याबद्दलही सांगा.

---

घाटमाथा

आधी तो अंदाज मोडून काढायला हवा. आपल्या सह्याद्रीत जून उजाडेपर्यंत वळवाच्या चार सरी सोडल्या तर कोरडंच असतं, म्हणून 'मान्सूनआधी' म्हटलं की आपण 'पावसाआधी' समजतो. खासी टेकड्यांत तसं नाही. सोह्राला, म्हणजे चेरापुंजीला, एकट्या मे महिन्यात सरासरीने हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. पुण्याचा अख्ख्या वर्षाचा पाऊस साधारण ७०० मिलिमीटर आहे, त्यावरून कल्पना करा. एप्रिलमध्येही कित्येकशे मिलिमीटर होतो. मान्सूनची तारीख वाऱ्यांची घडी कधी बसते ते सांगते, पहिली सर कधी येणार ते नाही.

याचं कारण भूगोलात आहे. दक्षिणेला बांगलादेशाचं सिल्हेटकडचं मैदान जवळजवळ समुद्रसपाटीला आहे आणि त्याच्या कडेलाच हे पठार एकदम १३०० मीटरपर्यंत उठतं. बंगालच्या उपसागरावरून बाष्प घेऊन आलेल्या वाऱ्याला वाटेत एकही टेकडी लागत नाही. तो थेट या भिंतीवर आदळतो आणि वर चढताना रिकामा होतो. दक्षिणेचे वारे मार्चपासूनच सुरू होतात. त्यात एप्रिल-मेची वादळं मिसळतात, ज्यांना बंगालमध्ये कालबैशाखी आणि आसामात बोरदोईसिला म्हणतात: अर्धा-एक तास सोसाट्याचा वारा, विजा, कधी गारा.

तुमच्या कामाची गोष्ट अशी की इथला बराचसा पाऊस रात्री उशिरा आणि पहाटे पडतो. जमीन तापलेली असताना खालच्या थरातला वारा घुसळला जाऊन मंद होतो. रात्री ते थांबतं, दक्षिणेचा वारा जोर धरतो आणि पहाटेपर्यंत उतारावर आदळत राहतो. म्हणून एप्रिलमध्ये रात्रभर पत्र्यावर ताशा वाजला तरी सकाळी आठ-नऊनंतर चांगली उघडीप मिळू शकते. पहाटेचा पाऊस बघून दिवसाचा बेत रद्द करू नका.

मेचा शेवटचा आठवडा मात्र मी सोडूनच देईन. एक तर उपसागरात चक्रीवादळं तेव्हाच होतात. २६ मे २०२४ च्या रात्री रेमाल चक्रीवादळ बंगालच्या किनाऱ्यावर आलं आणि पुढचे दोन दिवस मेघालय, आसाम, मिझोराममध्ये दरडी कोसळत होत्या. दुसरं म्हणजे सरासरी तारीख ही फक्त सरासरी असते. २०२५ मध्ये केरळात मान्सून २४ मेलाच आला आणि ईशान्येतही मे संपायच्या आत पोचला होता. तेव्हा एप्रिलच घ्या.

---

पानथळ

वरच्या उत्तराशी सहमत. तिन्ही गोष्टी एका फेरीत कितपत मिळतील ते सांगतो, कारण त्यातल्या दोन एकमेकींच्या विरुद्ध जातात.

डावकीची उमंगोट नदी काचेसारखी दिसते ती थंडीत. नोव्हेंबर ते मार्च वरून गाळ येत नाही, प्रवाह संथ असतो, म्हणून होडीची सावली तळावर पडते. वरच्या डोंगरात एक जोरदार पाऊस झाला की पाणी गढूळ होतं आणि निवळायला काही कोरडे दिवस लागतात. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात पाणी हिरवट-स्वच्छ मिळेल किंवा मातकट, दोन्हीची तयारी ठेवा. मेअखेर स्वच्छ मिळणं जवळजवळ अशक्य आहे.

धबधब्यांचं बरोबर उलटं. नोहकालिकाई सुमारे ३४० मीटर उंचीवरून कोसळतो, पण त्यामागचं पाणलोट क्षेत्र लहान आहे. माती पातळ, खाली वालुकाश्म आणि चुनखडी, त्यामुळे पाणी मुरून टिकत नाही. फेब्रुवारीत तिथे जेमतेम एक धार असते, एप्रिलमध्ये दोन रात्री पाऊस झाला की भरतो. सेव्हन सिस्टर्स, म्हणजे नोहस्नगिथियांग, तर याहून लहरी. पाऊस थांबल्यावर काही तासांत धारा बारीक होऊ लागतात, म्हणून ते पाहायचे तर रात्रीच्या पावसानंतरच्या सकाळीच.

यातून क्रम ठरतो. नदी आधी, धबधबे नंतर. सहा रात्री मी अशा लावेन:

गुवाहाटीहून शिलाँग, साधारण १०० किलोमीटर, तीन ते साडेतीन तास, वाटेत उमियम तलाव. पहिली रात्र शिलाँग. दुसऱ्या दिवशी लायटलुमच्या कड्यावर सकाळी लवकर जा, दहानंतर दरी ढगात बुडते. तिथून पिनुर्सलामार्गे डावकी. दुसरी रात्र श्नोंगप्डेंगला नदीकाठी. तिसऱ्या दिवशी सकाळी होडी, मग मावलिन्नोंग आणि त्याच्या शेजारचा रिवाईचा मुळांचा पूल, संध्याकाळपर्यंत सोह्रा. तिसरी, चौथी आणि पाचवी रात्र सोह्रालाच. सहावी रात्र पुन्हा शिलाँगला, वाटेत मावफ्लांगची देवराई.

सोह्राला तीन रात्री जास्त वाटतील, पण त्यातच सगळं आहे. तिथे अख्खा दिवस धुक्यात जाऊ शकतो, दहा पावलांवरचं दिसत नाही. एक दिवस राखीव नसेल तर नोहकालिकाईच्या कठड्यावर उभं राहून पांढरा पडदा पाहून परतावं लागतं. धुकं असलं तर तिथेच थांबा, घाई करू नका. वारा फिरला की पाच-दहा मिनिटांसाठी दरी मोकळी होते.

बाबांसाठी रिवाईचा पूल बरोबर आहे. पायऱ्या आहेत पण थोड्या, आणि पंधरा-वीस मिनिटांत पोचता येतं. मावफ्लांगची देवराई बहुतेक सपाट आहे. तिथे वाटाड्या घ्यावा लागतो आणि आतून काहीही, अगदी वाळकं पानसुद्धा, बाहेर आणायचं नाही. आपल्या देवरायांचे नियम माहीत असलेल्याला ते सांगावं लागणार नाही. मावस्माई गुहेत दिवे आहेत, पण मध्ये काही जागी वाकून, अंग चोरून जावं लागतं आणि पाऊस झाला असेल तर पायाखाली पाणी असतं. त्याऐवजी त्यांना आर्वा गुहा दाखवा. वाट बांधलेली आहे आणि भिंतींत जीवाश्म दिसतात.

गाडीबद्दल एकच. गुवाहाटी ते शिलाँग आसामची गाडी चालते, पण मेघालयातल्या फिरण्यासाठी 'एमएल' पाटीचीच गाडी ठरवा. दोन्हीकडच्या टॅक्सीवाल्यांमध्ये यावरून वाद होत असतात आणि अडकतो तो प्रवासी.

---

कातळकडा

नोंगरियाटबद्दल सविस्तर लिहितो, कारण बहुतेकांचा दिवस तिथेच बिघडतो.

सोह्राहून टिरना गावापर्यंत गाडी जाते. तिथून साधारण तीन-साडेतीन हजार पायऱ्या. सुरुवातीचा मोठा उतार एकसलग आणि तीव्र आहे, मग नोंगथिम्मई गाव, तारांचे दोन झुलते पूल, पुन्हा चढ-उतार आणि शेवटी दुमजली पूल. उतरायला दीड ते दोन तास, चढून यायला अडीच ते साडेतीन. तुमच्या बाबांनी हा बेत सोडावा. चढताना दम लागतो तो थांबून भरून काढता येतो, पण गुडघ्याची वाट उतरताना लागते, आणि एकदा खाली गेल्यावर परत यायला पायांशिवाय दुसरं साधन नाही. रस्ता नाही, घोडा नाही.

लोक चुकतात ते वेळेच्या हिशोबात. हा भाग देशाच्या पूर्व टोकाकडे आहे पण घड्याळ आपलंच, त्यामुळे एप्रिल-मेमध्ये पाचच्या आतबाहेर उजाडतं आणि सहाच्या सुमारास अंधारायला लागतं. मुंबईच्या सवयीने साडेनऊला टिरनाला पोचलात तर चढ नेमका दुपारच्या उकाड्यात येतो आणि वादळाची वेळ होते. सहाला पायऱ्यांवर असा. सोह्राची हवा बघून फसू नका. तिथे वीस-बावीस अंशांत स्वेटर लागतो, तर दरीत शेकडो मीटर खाली उतरल्यावर दमट उकाडा असतो, वारा नसतो, अंगातून पाण्याच्या धारा लागतात. माणशी दोन लिटर पाणी आणि ओआरएसची दोन पाकिटं ठेवा.

बुटांचा तळ मऊ रबराचा आणि खोल खाचांचा हवा. पायऱ्या सिमेंटच्या आहेत, त्यावर शेवाळ धरतं आणि घट्ट प्लास्टिकसारख्या तळाचे धावायचे बूट तिथे साबणासारखे सरकतात. पाऊल पायरीच्या मधोमध, आडवं टाका. कडेला शेवाळ जास्त असतं. टिरनाला बांबूची काठी मिळते, ती घ्याच. नावनोंदणी करून स्थानिक वाटाड्याही घ्या.

जमल्यास तुम्ही दोघं खाली होमस्टेत एक रात्र राहा. मग चढ दुसऱ्या दिवशी पहाटे, ताज्या पायांनी होतो आणि रेनबो धबधब्यापर्यंतही जाता येतं. तिथे जायला पुलापासून पुढे तास-दीड तास लागतो, आणि ती वाट पायऱ्यांपेक्षा अवघड आहे, ओल्या दगडांची. रात्री जोराचा पाऊस झाला असेल तर तेवढं सोडून द्या.

पूल जिवंत आहे. रबराच्या झाडाची, फायकस इलॅस्टिकाची, हवेतली मुळं पलीकडच्या काठावर वळवत नेऊन वर्षानुवर्षं वाढवलेली असतात आणि आज वापरात असलेला पूल कोणाच्या तरी आजोबा-पणजोबांनी सुरू केलेला असतो. २०२२ मध्ये युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत हे पूल आले आणि गर्दी वाढली. एका वेळी मोजकीच माणसं, उड्या नाहीत, कोवळ्या लोंबत्या मुळांना धरून फोटो नाहीत. ती मुळं म्हणजे पुढच्या पिढीचा कठडा आहे.

पुलाखालच्या डोहात उतरणार असाल तर हे नीट वाचा. तुमच्या डोक्यावर ऊन असलं तरी वर पठारावर पाऊस चालू असू शकतो आणि ते पाणी थोड्या वेळात खाली येतं. पाणी अचानक गढूळ दिसलं, पानं-काटक्या वाहत येऊ लागल्या किंवा धबधब्याचा आवाज जड झाला, तर सामान गोळा करत बसू नका. लगेच बाहेर पडून वर चढा.

---

रानजाई

एप्रिलच नक्की करतोय, ८ ते १४. आई-बाबा सोह्राला थांबतील आणि आम्ही दोघं नोंगरियाटला एक रात्र राहू. अजून तीन प्रश्न: पावसाचे कपडे कोणते घ्यावेत, शाकाहारी जेवणाचं काय, आणि मधला रविवार कुठे घालवावा? गुहांमध्ये खोलवर जाणारे ट्रेकही दिसले, ते करावेत का?

---

घाटमाथा

गुहांचं आधी. दिवे लावलेल्या पर्यटन गुहा ठीक आहेत. चिखलातून, पाण्यातून आत जाणाऱ्या गुहा एप्रिलमध्ये नकोत. तो हंगाम थंडीचा, फार तर फेब्रुवारी-मार्चपर्यंतचा. चुनखडीत पाणी वरून भेगांतून थेट आत उतरतं आणि आतल्या माणसाला बाहेरचा पाऊस कळत नाही. कोणी 'चालतं हो' म्हणालं तरी जाऊ नका.

छत्री शिलाँगच्या बाजारापुरती. सोह्राला पाऊस वाऱ्याबरोबर आडवा येतो, छत्री उलटी होते. पोंचोही नको, कारण वारा तो वर उडवतो आणि पायऱ्या उतरताना स्वतःचं पाऊल दिसत नाही. जाकीट आणि पँट असा वेगळा रेनसूट घ्या. तिकडचे शेतकरी वाकून काम करताना बांबू आणि पानांचं 'क्नूप' पाठीवर घेतात, आपल्या इरल्याचं भावंडच. दोन्ही हात मोकळे राहतात, हे त्यातलं शहाणपण.

सॅकचं कव्हर पुरत नाही. पाठीकडून ओल शिरते, म्हणून कपडे आत जाड प्लास्टिकच्या पिशवीत बांधा. सुती कपडे आणि जीन्स तिकडे वाळतच नाहीत. पायमोज्यांचे जोड मात्र दिवसाला दोन धरा. एक गरम थर शिलाँगच्या रात्रीसाठी लागेल, डावकीला मात्र ३० अंशांच्या वर जाऊ शकतं, कारण ते जवळजवळ मैदानात आहे.

पाऊस पडून गेला की जंगलवाटेवर जळवा निघतात. पँट मोज्यात खोचा, मोज्यांवर मीठ किंवा तंबाखूचं पाणी लावा. चिकटलीच तर जळत्या काडीने भाजू नका. नख तिच्या तोंडापाशी आडवं सरकवून सोडवा, जखम धुवा. रक्त बराच वेळ वाहतं, त्याला घाबरायचं कारण नाही. डासांची काळजी मात्र जास्त घ्या. दरीत आणि डावकीकडच्या पायथ्याला मलेरिया आहे, आणि परतल्यावर काही आठवड्यांत ताप आला तर डॉक्टरांना मेघालयात जाऊन आल्याचं आपणहून सांगा.

फोनवर हवामान खात्याचं 'मौसम' आणि विजांसाठी पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेचं 'दामिनी' ॲप घ्या. दहा दिवसांचा अंदाज पाहून बेत बदलत बसू नका. पुढच्या तीन तासांचा इशारा पाहा, तो इथे उपयोगी. केशरी किंवा लाल इशारा असेल त्या दिवशी नोंगरियाट आणि नदी दोन्ही नाही.

---

कॉन्गची खानावळ

जेवण: रस्त्याकडेच्या खानावळीला 'जा अँड शा' स्टॉल म्हणतात, भात आणि चहा. जादो हा मांस घालून, अनेकदा रक्तात शिजवलेला भात असतो आणि दोहनेयोंग म्हणजे काळ्या तिळातलं डुकराचं मांस. खाणाऱ्यांनी जरूर खावं. शाकाहारी असाल तर भात, डाळ, बटाटा, पालेभाजी, अंडं चालत असेल तर अंडं, हे होमस्टेत मिळतं, पण आदल्या दिवशी सांगायला हवं. 'व्हेज' म्हटल्यावर कधी सुकट चालेल असा समज होतो, कारण तुंगताप ही सुक्या मासळीची चटणी साध्या जेवणातही असते. म्हणून मांस नको, मासळी नको असं वेगवेगळं सांगा. वाटेवर सोहफीची आंबट लाल फळं मीठ-मिरची लावून विकतात, ती आईंना नक्की आवडतील. दुकानदार बाईंना 'कॉन्ग' म्हणा, पुरुषाला 'बा', आणि निघताना 'खुब्लेई'. लगेच ओळख वाढते.

पाण्याचं एक सांगायलाच हवं. इतका पाऊस पडणाऱ्या सोह्रात मार्च-एप्रिलपर्यंत पाण्याची टंचाई असते. सगळं दरीत वाहून जातं आणि गावातल्या बाया झऱ्यावरून पाणी वाहतात. होमस्टेत बादलीभर पाण्यात आंघोळ करा, शॉवर नाही म्हणून तक्रार करू नका.

रविवार सोह्रात काढा. बहुतेक लोक चर्चला जातात, दुकानं, खानावळी आणि सुमो जवळजवळ बंद असतात, म्हणून गाडी आणि दुपारचं जेवण शनिवारीच ठरवून ठेवा. नोंगरियाटची सुरुवात त्या दिवशी करू नका. रोख रक्कम शिलाँगहून घेऊन निघा, खाली नेटवर्क गेलं की यूपीआयही गेलं.

---

पानथळ

८ ते १४ म्हणताय तर एक अडचण आहे. १४-१५ एप्रिलला आसामात रोंगाली बिहू सुरू होतो. गुवाहाटीतले चालक सुट्टीवर जातात आणि शहरातल्या रस्त्यांवर गर्दी असते. परतीच्या दिवसासाठी शिलाँगचीच गाडी आधी पक्की करा. त्या वर्षी गुड फ्रायडे आणि ईस्टर कधी येतात तेही बघा, ते तुमच्या आठवड्यात आले तर रविवारचे सगळे नियम त्या दिवसांना लागू. एप्रिलच्या मध्यावर शिलाँगच्या वेइकिंग मैदानावर शाद सुक मिन्सियम हा खासींचा कृतज्ञतेचा नाच होतो. तारखा जुळल्या तर सहावी रात्र त्यासाठी सोन्यासारखी आहे, मात्र खोली आधी घ्या.

शिलाँगहून गुवाहाटी विमानतळ साधारण १२० किलोमीटर. दुपारी दोनचं विमान असेल तर सकाळी सातला गाडीत बसा. वाटेत जोराबाटला ट्रकांची रांग लागली की तास सहज जातो, आणि पावसात त्याहून जास्त.